बोटभर सोडलेली रेघ

लेइमारा कुणावर विश्वास ठेवत नाही, हे आमच्या बेटांच्या राजधानीत, पोर्ट व्हिलात, शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दुकानात पाव घेतला तर आधी उलटा करून त्याचं बूड बघते. बसवाल्याला दोनदा विचारल्याशिवाय बसमध्ये चढत नाही. तिचा नवरा सेम इफिरा बेट आणि व्हिला यांच्यामध्ये होडी चालवतो. वीस वर्षं ती त्याच होडीतून येते-जाते, पण इंधनाच्या टाकीत काडी घालून बघितल्याशिवाय आजही होडीत पाय ठेवत नाही. सेम बिचारा तोंड फिरवून समुद्राकडे बघत बसतो.

माझी गाणी रेकॉर्ड करायची खोली टायरवाल्याच्या दुकानामागे आहे. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे आणि जुन्या चटया ठोकल्यात. बँड येतात, गातात. मी ते साफसूफ करून इंटरनेटवरून पाठवतो आणि मग ते नूमेआपासून सिडनीपर्यंत आमच्या माणसांच्या फोनवर वाजतं. पण गाणं एकटं जात नाही, त्याच्यासोबत एक चौकोनी चित्र लागतं. ते चित्र करायचं काम लेइमाराचं. खिडकीखालचं टेबल चौदा वर्षं तिचंच आहे.

या चित्राचे नियम कडक. तीन हजार ठिपके रुंद, तीन हजार ठिपके उंच, त्यात तसूभर कमी चालत नाही. फोन नंबर नको, कुणाची जाहिरात नको. बँडचं नाव अर्जात जसं लिहिलंय तसंच चित्रावर हवं, एक अक्षर चुकलं तरी आम्ही ज्या कंपनीमार्फत गाणी पाठवतो ती चित्र परत धाडते. आणि आमच्या बँडवाल्यांना नेमकं नको तेच हवं असतं: फोन नंबर, पाळकाचे आभार, खासदाराचा हसरा फोटो, शिवाय सगळ्यांच्या बायकांची नावं. लेइमारा शांतपणे ऐकून घेते आणि म्हणते, "हे बसच्या मागच्या काचेवर रंगवून घे. इथे नाही."

मग तिचे तीन प्रश्न सुरू होतात. हा फोटो कुणी काढला? यातल्या माणसाला माहीत आहे का? आणि यावरची नक्षी कुणाच्या मालकीची? तिसऱ्या प्रश्नाला तर ती समोरच्याच्या डोळ्यांत बघत राहते, तो नजर चुकवतो का ते पाहायला. पोरं तिला मागून ‘पोलीस मावशी’ म्हणतात. तिला ते कळतं. कुणी ठेवलं हे नाव, याचा तपासही तिचा करून झालाय.

मीही तिला हसायचो. मग एकदा पाऊस धरला, वीज गेली, दोघंच खोलीत अडकलो आणि तिने आपणहून सांगितलं. तेव्हा ती बावीस-तेवीस वर्षांची होती, कॅसेटचे दिवस. तिचा बाप होड्यांवर नावं रंगवायचा, तीही त्याच्या हाताखाली शिकलेली. एका माणसाने एक कोरीव चेहरा कागदावर काढून आणला. म्हणाला, आमच्याच घराण्याचा आहे. तिने तो कॅसेटच्या कव्हरवर काढला, पाचशे कव्हरं छापली. आठवड्याभरात दुसऱ्या एका बेटाचे तीन मुखिये त्यांच्या घरासमोर येऊन बसले. बोलले काही नाहीत, नुसते बसून राहिले. तो चेहरा त्यांचा होता, आणि तो काढायचा हक्क कुणाला द्यायचा हे ठरवणारे तेच.

"तो माणूस पळाला," लेइमारा म्हणाली. "माझ्या बापाने डुक्कर दिलं, चटया दिल्या, सगळ्यांसमोर मान खाली घालून उभा राहिला. चूक माझी, मान त्याची झुकली. त्याने नंतर मला एक शब्द विचारला नाही. विचारायला हवा होता."

त्यानंतर मी हसायचं कमी केलं. बंद मात्र केलं नाही.

तर मागच्या जूनमध्ये एझ्रा आला. आंब्रिम बेटाचा पोरगा, पंचविशीचा, गळ्यात गिटारसारखं छोटं युकुलेले. त्यांच्या सहाजणांच्या बँडचं नाव ‘ब्लॅक आसिस’, म्हणजे काळी राख; त्यांच्या बेटावर ज्वालामुखी आहे, राख रोजचीच. गाणी सुरेख होती. जुलैअखेर स्वातंत्र्यदिनाच्या जत्रेत त्यांना वाजवायचं होतं आणि त्याआधी अल्बम लोकांच्या फोनवर यायला हवा होता. म्हणजे चित्र महिनाभरात पक्कं.

एझ्राने फोन लेइमारापुढे धरला. "मावशी, हे कव्हर."

काळ्या वाळूवर काढलेली नक्षी होती ती. आमच्या उत्तरेकडच्या बेटांवर म्हातारी माणसं वाळूत बोटाने नक्षी काढतात. आधी आडव्या-उभ्या रेघांची जाळी आखतात, मग एकदा बोट टेकवलं की उचलायचं नाही. वळत, वेढे घेत रेघ जिथून निघाली तिथे परत येते. या नक्षीत दोन पक्षी एकमेकांच्या गळ्यात गळा घालून बसल्यासारखे दिसत होते, आणि खाली लाटा की पानं, कोण जाणे. मी तर बघतच राहिलो.

लेइमाराने चष्मा लावला. "कुणी काढली?"

"माझ्या अबूने. मागेकोन अबू." अबू म्हणजे आजोबा. "त्यांचीच आहे ती. आमच्या घरात त्यांच्याशिवाय कुणाला काढता येत नाही."

"कुठे काढली?"

"गावात. आंब्रिमला. आमच्या किनाऱ्यावर."

"तुमच्या गावात गाडी जाते?"

"कुठली गाडी मावशी! होडीतून उतरायचं आणि दोन तास चढ चढायचा. सायकलसुद्धा नाही."

"बरं," लेइमारा म्हणाली. "ठेवून जा."

तो गेल्यावर तिने मला बोलावलं. चित्र मोठं करून कोपऱ्यात नेलं होतं. "हे काय आहे?"

वाळूत दोन समांतर पट्टे उमटले होते, खाचाखाचांचे.

"टायर," मी म्हणालो. टायरवाल्याच्या शेजाऱ्याला ते ओळखता येणारच.

"सायकल नाही म्हणतो, आणि आजोबांच्या नक्षीशेजारून ट्रक गेलाय." तिने चित्र सरकवून मधोमध आणलं. "आणि हे बघ."

उजवीकडच्या पक्ष्याच्या मानेखाली रेघ तुटली होती. बोटभर जागा कोरी. मग रेघ पुढे चालू.

"ज्याची नक्षी असते त्याचं बोट उचलत नाही," ती म्हणाली. "ज्याने चोरून पाहिलेली असते त्याचं उचलतं. पुढचं वळण आठवत नाही म्हणून."

"अगं, म्हातारा माणूस. हात थरथरला असेल."

"हात थरथरला तर रेघ वाकडी होते. तुटत नाही." तिने लॅपटॉप मिटला. "मी हे करणार नाही."

दुसऱ्या दिवशी एझ्रा हात जोडायला लागला. मीही त्याची बाजू घेतली. तारखा तोंडावर आल्या होत्या. शेवटी लेइमारा म्हणाली, आजोबांशी बोलू दे. एझ्राने नंबर लावून फोन तिच्या हातात दिला आणि स्वतः दाराबाहेर जाऊन उभा राहिला. तेही तिला खटकलं.

फोनवर खरखरीत आवाज आला, "हो, मी मागेकोन. नक्षी माझी. मी काढलीय. करा तुम्ही."

"अबू, आत्ता कुठे आहात?"

"इथेच, गावात. नाकामालाच्या सावलीत बसलोय." नाकामाल म्हणजे गावाची बैठक.

तेवढ्यात फोनमध्ये घरघर सुरू झाली, वाढत गेली, म्हाताऱ्याचे पुढचे शब्द बुडाले. लेइमाराने बोट वर केलं. आमच्या छपरावरूनही तेव्हाच मोठं विमान उतरत होतं. दुपारची अडीचची वेळ, परदेशातून येणारं मोठं विमान. आंब्रिमला धावपट्टी म्हणजे गवताचा पट्टा, तिथे डासाएवढी विमानं उतरतात.

"तुमच्या नाकामालावरून फार मोठं विमान गेलं, अबू," ती गोड आवाजात म्हणाली. फोन बंद झाला.

बाहेर येऊन तिने पाहिलं तर एझ्रा नव्हता.

मी म्हणालो, सोडून दे. दुसरं काहीतरी करू, गिटार आणि नारळाचं झाड. पण लेइमाराला एकदा वास लागला की ती सोडत नाही. "हा कुणीतरी भाड्याने आणलेला म्हातारा आहे," ती म्हणाली. "काळी वाळू, टायर आणि डोक्यावरून विमान. व्हिलात अशी जागा कुठली?"

सांगायची गरजच नव्हती. ब्लॅकसँड्सची वस्ती. गावाबाहेर, विमानतळापासून जवळ, काळ्या किनाऱ्यावर. सगळ्या बेटांची माणसं पत्र्याची घरं बांधून राहतात, आणि आंब्रिमवाल्यांची एक गल्लीच आहे.

शनिवारी सकाळी ती मला ओढतच घेऊन गेली. आंब्रिमच्या माणसांना जादूटोणा येतो अशी सगळ्या बेटांची समजूत. लेइमारा चर्चला जाणारी, ती असलं काही मानत नाही, पण त्या दिवशी तिने डोक्याला फडकं घट्ट बांधलं होतं, म्हणजे एक केससुद्धा तिथे पडायला नको. मी पाहिल्याचं तिने पाहिलं. "वारा आहे," म्हणाली. वारा नव्हता.

एझ्राचं घर विचारत गेलो तर लोक आमच्याकडेच संशयाने बघायला लागले. "कशाला हवंय? जमिनीच्या ऑफिसातून आलात का?" एका अंगणात एक बाई बादलीत कपडे पिळत होती. तिने आम्हाला आपादमस्तक न्याहाळलं.

"एझ्राची आई का?" मी विचारलं.

"कोण विचारतंय?"

"आम्ही गाण्यांचे."

"गाण्यांचे, की आंब्रिमहून पाठवलंय कुणी?" तिने पिळलेला शर्ट दोरीसारखा हातात धरला. "खरं सांगा. आमच्या दिराने पाठवलं ना?"

लेइमारा माझ्या कानात पुटपुटली, "बघ. काहीतरी लपवतायत."

तेवढ्यात आतून खरखरीत आवाज आला, फोनवरचाच. "येऊ दे गं त्यांना. ही विमानवालीच असणार."

आत चटईवर एक म्हातारा बसला होता. बारीक, काळाकभिन्न, दाढी पांढरीशुभ्र. तोंड आमच्याकडे होतं पण नजर आमच्या खांद्यावरून पलीकडे. दोन्ही बुबुळांवर दुधाची साय धरल्यासारखं झालं होतं. कोपऱ्यात एझ्रा मान खाली घालून उभा.

"बसा," म्हातारा म्हणाला. "मीच मागेकोन. दुसरा कुणी नाही."

लेइमारा बसली नाही. "मग खोटं का बोललात?"

मागेकोन अबूंनी एझ्राला दार लोटायला सांगितलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. डोळे दोन वर्षांपासून जात होते. गावी कुणाला कळू दिलं नव्हतं. वाट पायांना पाठ, माणसं आवाजाने ओळखायची. नक्षीचा हक्क त्यांच्याकडे, आणि त्यांच्या मागे तो पुतण्याकडे जायचा, पण पुतण्याला, बाहेरची बाई म्हणत होती त्या दिराला, घाई झालेली आणि डोळ्यांचा थोडा संशयही आलेला. म्हाताऱ्याला दिसत नाही हे कळलं असतं तर तो म्हणाला असता, आता तुम्हाला काढता येत नाही, नक्षी माझ्याकडे द्या. म्हणून नातेवाइकांकडे आठ दिवस जाऊन येतो असं सांगून ते जहाजाने व्हिलात आले होते. इस्पितळात शस्त्रक्रियेसाठी नाव घातलं होतं, पाळी यायची होती. तोवर गावी निरोप जात होता की म्हातारा कधी परत येतोय, कधी अजून थांबतोय, कधी वाटेतच आहे.

"पोराने गाणी केली," ते म्हणाले. "मला वाटलं, डोळे असोत नसोत, या गाण्यांवर माझी नक्षी असावी. काढली इथे किनाऱ्यावर. पण इथे काढली म्हटलं असतं तर मी इथे आहे हे कळलं असतं."

मला वाईट वाटलं. मी लेइमाराकडे पाहिलं. वाटलं, आता तरी हिचा चेहरा सैल होईल. छे. तिने फोनवर चित्र उघडलं, मग त्यांना दिसत नाही हे आठवून फोन परत खाली ठेवला.

"अबू, रेघ तुटलीय. उजव्या पक्ष्याच्या मानेखाली."

"तुटली नाही."

"मी डोळ्यांनी बघतेय."

"तुटली नाही, सोडलीय," म्हातारा म्हणाला. "हे जगभर जाणार ना? कुणीही बघणार, कुणीही बोटाने गिरवणार. पूर्ण दिली तर ती माझी कशी राहिली? एक बोट जागा मी माझ्यापाशी ठेवली."

ऐकायला छान होतं. लेइमारा माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "किंवा दिसलं नाही, आणि आता सारवासारव."

म्हाताऱ्याचे डोळे गेले होते, कान गेले नव्हते. ते उठले. "चल बाहेर."

अंगणाच्या कडेला ओली काळी वाळू होती. एझ्राने ती फळीने सपाट केली. अबू उकिडवे बसले, तळहाताने वाळू चाचपली, जाळीच्या रेघा मारल्या आणि बोट टेकवलं. मी तोवर खूप नक्ष्या पाहिल्या होत्या, पण डोळे आभाळाकडे लावून काढलेली पाहिली नव्हती. बोट न थांबता पळत होतं. डावा पक्षी, लाटा, उजवा पक्षी. मानेखाली आलं, बोट उचललं, बोटभर जागा सोडून पुन्हा टेकलं आणि रेघ आपल्या घरी येऊन थांबली. लेइमाराने फोनवरचं चित्र वाळूशेजारी धरलं. तंतोतंत तेच. सोडलेली जागाही तीच, तेवढीच.

"आंधळा माणूस दोनदा एकाच जागी चुकतो का गं?" अबूंनी विचारलं.

लेइमाराने डोक्याचं फडकं सोडलं आणि वाळूत बसली.

"तू कुठली?" अबूंनी विचारलं.

"इफिराची."

"तुझ्यासारखी संशयी बाई मी आंब्रिमलाही पाहिली नाही. आता माझं ऐक. तू फोटो काढलास?"

"नाही."

"एझ्रा, बघ रे तिच्या फोनमध्ये."

आणि आमच्या लेइमाराने, जी नवऱ्यालाही फोनला हात लावू देत नाही, तिने मुकाट्याने फोन एझ्राच्या हातात दिला. अबूंनी तळहात फिरवून वाळूतली नक्षी पुसली.

आठ दिवस ती त्या चित्रामागे होती. फोटो नुसता चिकटवला नाही, प्रत्येक वळण हाताने पुन्हा काढलं. मागे राखेचा करडा रंग, त्यावर काळ्याहून काळी रेघ, खाली बँडचं नाव. टायरचा पट्टा काढून टाकला. सोडलेल्या जागेवर मात्र एक ठिपकाही पडू दिला नाही. मी एकदा म्हणालो, "लोकांना वाटेल छपाई चुकली." तर म्हणाली, "लोकांना वाटू दे. ज्याला कळायचं त्याला कळेल."

अल्बम शुक्रवारी यायचा होता. मंगळवारी कंपनीकडून आलेलं अखेरचं चित्र मी तिला दाखवलं, उगाच, रीत म्हणून. कंपनीने मान्य केलं होतं, सगळं झालं होतं. ती चष्मा लावून बघत राहिली. मग तिने तिची मूळ फाइल उघडून शेजारी ठेवली.

"हे कुणी केलं?"

उजव्या पक्ष्याच्या मानेखाली रेघ जोडलेली होती. गुळगुळीत, सुबक, जणू पहिल्यापासून तशीच.

ती फाइल मला तिच्याकडून नाही, एझ्राकडून आली होती. बँडचं नाव ताडून बघायला तिने त्याला दिलेली, ती त्याने मला फोनवर पाठवली, म्हणाला मावशीचीच आहे, आणि मी न उघडता पुढे ढकलली. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं की चौदा वर्षांत पहिल्यांदाच मी तिच्या संशयितांच्या यादीत आलो. अजून पूर्ण बाहेर पडलेलो नाही.

एझ्राला बोलावलं. तो रडकुंडीला आला. "आईशपथ मावशी, मी रेघेला हात लावला नाही! फोनमध्ये ते चित्र उजळ करायचं आहे ना, एक बटण, ते दाबलं. अक्षरं जरा फिकट वाटत होती म्हणून. बाकी काही नाही."

"आणि रेघ आपोआप जुळली?"

"मला दिसलंसुद्धा नाही."

"पुतण्याने किती दिले तुला?"

एझ्राने जोरजोरात नकारार्थी मान हलवली. लेइमाराने त्याचा फोन घेतला, एका कागदावर पेनाने वर्तुळ काढलं, मध्ये जागा सोडून, त्याचा फोटो काढला आणि तेच बटण दाबलं. वर्तुळ जुळून आलं. यंत्राला वाटलं होतं, चूक आहे, दुरुस्त करावी. तिने पुन्हा एकदा करून पाहिलं. मग फोन परत दिला.

"यंत्रावर विश्वास ठेवलास ना?" एवढंच म्हणाली. माफी मागितली नाही. पण पोराला स्वतःच्या डब्यातला, पानांत भाजलेल्या लापलापचा तुकडा काढून दिला. रताळ्याचा होता, वर कोंबडी.

त्याच संध्याकाळी आम्ही ब्लॅकसँड्सला गेलो. अबूंना सांगणं भाग होतं. त्यांनी सगळं ऐकलं आणि तळहात पुढे केला. "यंत्राने कशी जोडली? काढ इथे."

लेइमाराने त्यांच्या तळहातावर बोटाने ते वळण काढलं. म्हाताऱ्याचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं रडतायत. हसत होते.

"चुकीची!" ते म्हणाले. "साफ चुकीची. अगं मग जाऊ दे की तशीच! चोराला खोटी वाट दाखवली. याहून चांगलं कुलूप नाही."

एझ्राही हसला. मलाही पटलं, पुन्हा सगळं बदलायचा त्रास वाचत होता. पण लेइमारा म्हणाली, "नाही."

"नक्षी माझी," अबू म्हणाले.

"चित्र माझं. आणि अबू, नीट विचार करा. परका माणूस बघेल, त्याला काय कळतंय? पण तुमच्या गावचा बघेल. तुमचा पुतण्या बघेल. त्याला खरं वळण थोडंफार ठाऊक असेल ना?"

अबूंनी मान हलवली.

"तो काय म्हणेल? म्हाताऱ्याला दिसत नाही आणि आता आठवतही नाही. सोडलेली जागा बघितली तर म्हणेल, राखून ठेवलीय. खोटी रेघ बघितली तर तुमची नक्षी त्याच दिवशी गेली."

बाहेर कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. अबूंनी बराच वेळ तळहात दुसऱ्या हाताने चोळला, तिथली रेघ पुसत असल्यासारखा.

"तुला माणसांचं वाईटच कसं दिसतं गं आधी?" त्यांनी विचारलं.

"सवय आहे."

"बदल मग ते चित्र."

मी बुधवारी कंपनीला तीन पत्रं लिहिली, गुरुवारी चौथं. गुरुवारी दुपारी नवं चित्र मान्य झालं. लेइमाराने ते कंपनीच्या पानावर स्वतः उघडून पाहिलं, मग माझ्या फोनवर, मग टायरवाल्याच्या फोनवर, कारण माझ्या फोनवर तिचा भरवसा उरला नव्हता. शुक्रवारी अल्बम आला आणि जत्रेच्या मैदानात पोरांनी वाजवला तेव्हा लोक नाचले.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एक दांडगा माणूस दारात येऊन उभा राहिला. खांद्यावर पिशवी, अंगाला जहाजाचा वास. "ब्लॅक आसिसचं चित्र कुणी केलं?"

"कोण विचारतंय?" लेइमारा म्हणाली.

"मागेकोनचा पुतण्या."

"कशावरून?"

त्याला असं कुणी विचारलं नसावं. त्याने बापाचं नाव सांगितलं, आज्याचं सांगितलं, गावाच्या मुखियाचं सांगितलं. लेइमाराने एझ्राला फोन करून तीनही नावं ताडून पाहिली, तोवर तो गडी दारातच उभा. मग तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

तो वाकला. बोट पडद्यापासून दोन बोटं अंतरावर धरून त्याने सगळी रेघ हवेत गिरवली. मानेखाली आला आणि थांबला. तो त्या कोऱ्या जागेकडे खूप वेळ बघत राहिला.

"म्हाताऱ्याला अजून दिसतंय," शेवटी तो म्हणाला. नाखुशीनेच म्हणाला. पिशवी उचलली आणि निघून गेला.

लेइमाराने तो गल्लीच्या टोकापर्यंत जाईस्तोवर खिडकीतून पाहिलं, मग दाराला आतून कडी लावली. "हसला नाही," ती म्हणाली. "पुन्हा येईल." तो आला नाही.

अबूंच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया सप्टेंबरात झाली. दुसऱ्याला ते नको म्हणाले, एक पुरतो. पट्टी काढल्यावर एझ्राने त्यांना खोलीत आणलं. त्यांनी लेइमाराला जवळून न्याहाळलं आणि म्हणाले, "मला वाटलं होतं त्यापेक्षा बुटकी आहेस." चित्र बघायला मात्र त्यांनी नकार दिला. म्हणाले, त्यात काय आहे ते मला माहीत आहे. त्याच आठवड्यात जहाज पकडून ते घरी गेले.

नव्या कंदांच्या हंगामात आंब्रिमहून आलेल्या एका खलाशाने तिच्यासाठी पानांत गुंडाळलेला एक कंद आणून दिला, तान्ह्या पोराएवढा, मागेकोन अबूंच्या बागेतला. लेइमाराने खलाशाचं नाव विचारलं, जहाजाचं विचारलं, गाठ कुणी बांधली ते विचारलं. मग सुरी मागून घेतली आणि माझ्या टेबलावरच तो कंद मधोमध कापून पाहिला. आतून पांढराशुभ्र होता. तिने त्याचा वास घेतला, अर्धा परत पानांत बांधला आणि अर्धा माझ्यापुढे सरकवला.

"आधी तू खा," म्हणाली.